पाडलेल्याची किक

हेमचंद्र धावण्यात यथातथाच होता. हे अकोल्याच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यालाही. पण थांबलेला चेंडू त्याच्या डाव्या पायासमोर ठेवा, आणि मग बघा! ही विद्या त्याला बुधाजी हवालदारांनी दिली. हवालदार तोफखान्यातून निवृत्त होऊन कॉलेजात खेळ शिकवायला आले होते. फुटबॉल त्यांच्या लेखी नेम धरण्याचा खेळ. बाकीची पोरं घरी गेली की ते हेमचंद्राला मागे ठेवत, गोलाच्या खांबाला आपला गमछा बांधत आणि म्हणत, "हं, उडव." पेनल्टी, कॉर्नर, फ्री किक, सगळं हेमचंद्राचं. दुसरा कुणी पुढे झाला तर हवालदार त्याची सालटी काढत.

१९५८ साली हवालदार गावी शेती बघायला गेले आणि त्यांच्या जागी खुशालराव पैलवान आले. माणूस सोन्यासारखा. पोरांना घरचं दूध पाजत, मुरगळलेला पाय मांडीवर घेऊन चोळत. पण फुटबॉलकडे बघत ते आखाड्याच्या डोळ्यांनी. थांबलेल्या चेंडूचा सराव त्यांनी आल्या आल्या बंद केला.

"समोरचा गप उभा, अन् आपण मारायचं? यात कायची मर्दुमकी?"

"मग पेनल्टी कोणी मारायची, सर?" हेमचंद्राने विचारलं.

"ज्याले पाडलं, त्यानंच उठून मारायची. माती त्याले लागली, मान त्याचा. दुसऱ्याच्या लागण्यावर तुले गोल कायले पायजे?"

हेमचंद्र वकिलाचा मुलगा, पण अपील न करता चेंडू पिशवीत भरायला गेला.

अमरावतीच्या मैदानावर कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडू निवडणारे गृहस्थ मंडपात बसले होते. हेमचंद्राचं कॉलेजचं शेवटचं वर्ष; आज नाव आलं नाही तर पुढे कधीच येणार नव्हतं. आणि दाखवण्यासारखं त्याच्याजवळ होतं ते एकच. सामनाभर तो बिचारा इतरांच्या मागे धापा टाकत राहिला. अकोला एका गोलाने मागे. सामना संपत आला आणि अकोल्याच्याच संघातल्या, हिवरखेडच्या पुंजारामला कुणीतरी गोलासमोरच आडवा केला. पंचांची शिट्टी वाजली. पेनल्टी!

हेमचंद्राने चेंडू उचलून जागेवर ठेवला. गोलाचा कोपरा त्याला लख्ख दिसत होता.

"हेमचंद्र, बाजूले हो!" रेषेवरून खुशालराव ओरडले. "पुंजारामची हाय ते!"

पुंजारामला पाय टेकवत नव्हता. "तूच मार ना बावा," तो कळवळून म्हणाला. हेमचंद्राने खुशालरावांना त्याचा सुजलेला घोटा दाखवला. मग सगळ्या मैदानादेखत हात जोडले.

"उठ रे पुंजाराम! शाब्बास!" खुशालरावांचं सगळं लक्ष पुंजारामकडे होतं.

हेमचंद्र बाजूला झाला. दुसरं काय करणार? पुंजाराम लंगडत आला, त्याने कशीबशी लाथ मारली, आणि गोलकीपरने वाकून चेंडू उचलला. लगेच शेवटची शिट्टी झाली. मंडपातले गृहस्थ उठून चहाकडे वळले.

खुशालराव धावतच मैदानात शिरले आणि त्यांनी पुंजारामला खांद्यावर घेतलं. त्यांच्या डोळ्यांत अभिमानाचं पाणी होतं. असल्या माणसावर चिडावं तरी कसं? हेमचंद्र जिथे होता तिथेच खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

खुशालराव थांबले. मोठ्या मायेने वाकून त्यांनी त्याचे दोन्ही पाय चाचपून पाहिले.

"तू काहून रडून राहिला रे? तुले तं काईच लागलं नाई."