सव्वा हात उंच

मी एक जुनं दार आहे. नेरहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहान गाव आहे. त्या गावाच्या पूर्वेकडच्या वस्तीत, मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूंच्या छपराच्या एका घराला मी लागलेलं आहे. माझ्या दोन्ही फळ्या अस्सल सागवानाच्या आहेत. जवळ येऊन पाहिलंत तर एक गोष्ट तुमच्या लगेच ध्यानात येईल. माझा खालचा भाग काळपट आहे आणि वरचा सव्वा हात भाग मधासारखा पिवळा आहे. असं का, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

मित्रांनो, माझा जन्म झाला तेव्हा मी चांगलं सव्वाचार हात उंच होतं. मारोती नावाच्या तरुणानं नवीन घर बांधलं होतं. तो बांबूसारखा उंच आणि सडपातळ होता. सुतारानं त्याला भिंतीशी उभं करून माप घेतलं आणि त्या मापानं मला घडवलं. मला चौकटीत बसवायचं तेवढं बाकी होतं.

तेव्हा गावातले चार कारभारी आले. या वस्तीतलं दार गावातल्या मोठ्या घरांच्या दारापेक्षा खुजं असलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. सुताराचा नाइलाज झाला. त्यानं करवत उचलली आणि माझ्या दोन्ही फळ्यांचा वरचा सव्वा हात भाग कापून टाकला. त्या तुकड्यांवर मारोतीनं त्याच दिवशी आंघोळीचं पाणी तापवलं.

त्यानंतर तीस वर्षं मी माझं काम केलं. ऊन अडवलं, वारा अडवला, चुकार कुत्री अडवली. पण घरात येणारा प्रत्येक माणूस माझ्यापुढे कमरेत वाकायचा. न वाकणाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ यायचं. मारोतीचा मुलगा देवराव याचं लग्न झालं, तेव्हा नवी नवरी रुखमाबाई घरात शिरताना माझ्या चौकटीवर अशी आपटली की मंडळी घाबरली. ती मात्र कपाळ चोळत हसली. मला त्या दिवशी फार शरमल्यासारखं झालं.

मग छप्पन सालचा दसरा आला. घरातली सगळी माणसं नागपूरला गेली आणि धम्म घेऊन परत आली. पांढरे कपडे, धुळीनं भरलेले पाय, आणि चेहरे असे की जणू कुणी घरातला दिवा मोठा केला असावा. त्यांनी भिंतीतल्या देवळीतले जुने देव काढले. देवळी रिकामी झाली. थोड्या दिवसांनी देवराव म्हणाला, "घर असंच ठेवाचं नाही आता. उजेड पाह्यजे, हवा पाह्यजे. आन् हे दार तं पह्यले काढाचं!"

देवराव हंगामात दिग्रसच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा. तिथं त्यानं पत्र्याची उंच, नवीन दारं पाहिली होती. सत्तावनच्या उन्हाळ्यात त्यानं फकिरा गवंड्याला आणि गोविंदा सुताराला बोलावलं. हा गोविंदा म्हणजे मला घडवणाऱ्या सुताराचाच मुलगा.

फकिरानं भिंतींवर थापा मारून पाहिल्या. "माती पक्की हाय," तो म्हणाला. "भिंती पाडाच्या नाही. समोरची भिंत वर चढवू, छपराची कड उचलू, झालं." रिकाम्या देवळीमागची भिंत पातळ होती. तिथं त्यानं आरपार खिडकी पाडली. घरात पहिल्यांदाच दुपारचा उजेड पडला. रुखमाबाई तिथं जाऊन नुसती उभी राहिली. "बाप्पा, माह्या घरातले डबे मले आज दिसले!" ती म्हणाली.

समोरच्या छपराला टेकू दिले आणि मला चौकटीसकट काढून अंगणात दोन दगडांवर ठेवलं. देवराव म्हणाला, "हे चुलीत घाला. नवं पत्र्याचं आणतो."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या काळजाचं पाणी झालं. पण रुखमाबाई पदर खोचून पुढे आली. "काहून? त्यानं काय गुन्हा केला?" ती म्हणाली. "सोताहून लहान झालं काय ते? मामाजी सांगतात, त्याले कापलं होतं. आपण मोठे होऊन राह्यलो ना? मंग त्याले बी होऊ द्या."

देवरावनं वडिलांकडे पाहिलं. म्हातारा मारोती निंबाच्या सावलीत बसला होता. त्यानं फक्त मान हलवली. माझं मरण टळलं.

गोविंदानं माझं माप घ्यायला सुरुवात केली आणि तेवढ्यात गावातून दाजीबा आले. जुन्या कारभाऱ्यांपैकी तेवढे एकच आता उरले होते. ते अंगणाबाहेरच थांबले. "देवराव, या वस्तीत एवढं उंच दार कधी झालं हाय काय?"

उत्तर रुखमाबाईनं दिलं. "झालं नव्हतं, दाजीबा. आता होऊन राह्यलं."

दाजीबांनी तिच्याकडे पाठ केली. ते गोविंदाकडे वळले. "गोविंदा, तुले गावात काम कराचं हाय ना?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

गोविंदाचं तोंड उतरलं. गावातले नांगर, वखर, गाड्या, सगळी कामं त्याच्याकडेच होती. त्यानं गुपचूप करवत, पटाशी, रंधा थैलीत भरला आणि तो घरी गेला. कुणी त्याला अडवलं नाही. चौकटीच्या भल्यामोठ्या भोकाला रुखमाबाईनं गोणपाट बांधलं. मी अंगणात पडून होतं. आता मी ना दार होतं, ना सरपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी फकिरा भिंतीवर मातीचे थर चढवत होता. रस्त्यावरून कुणीतरी येताना दिसलं. गोविंदाच होता! एका खांद्यावर थैली आणि दुसऱ्या खांद्यावर सागवानाची लांब फळी, दोन वर्षं सावलीत वाळवलेली. त्यानं ती माझ्या शेजारी टेकवली.

"दाजीबा काय म्हणतीन?" देवरावनं विचारलं.

"म्हणू दे त्याईले," गोविंदा म्हणाला. "कापाचं काम माह्या बापाच्या हातून झालं. जोडाचं माह्या हातून होऊ दे."

मग तीन दिवस अंगणात रंध्याची सुरसुर चालली. गोविंदानं माझ्या वरच्या टोकाला खाचा पाडल्या, नव्या फळीला तशाच जिभा काढल्या आणि दोन्ही एकमेकांत अशा बसवल्या की मधून केससुद्धा जाऊ नये. दुखलं का, म्हणाल तर हो, थोडं दुखलं. पण ते दुखणं वेगळं होतं.

चौथ्या दिवशी मला नव्या, उंच चौकटीत बसवलं. सगळी वस्ती अंगणात जमली. रुखमाबाई म्हणाली, "मामाजी, पह्यले तुम्ही जा."

मारोती उठला, धोतर झटकून माझ्यासमोर आला आणि कमरेत वाकून आत गेला. एकच हशा पिकला.

"मामाजी, आता वाकाचं नाही!"

"अरे हो बाप्पा, सवयच पडली," म्हणत तो बाहेर आला. पुन्हा निघाला. उंबरठ्याशी येताच त्याची पाठ आपोआप वाकली. भिंत सरळ आहे का ते पाहायची दोरी नाचवत फकिरा ओरडला, "बुढ्याच्या पाठीले ओळंबा लावा रे कोणी!" पोरं तर लोळायला लागली. मारोतीही हसत होता. हसता हसता त्यानं डोळे पुसले, खांदे मागे घेतले आणि तिसऱ्यांदा तो सरळ चालत आला. ताठ. माझ्या खाली तो थांबला आणि त्यानं हात वर करून पाहिलं. त्याची टोपी आणि चौकट यांच्यात अजून वीतभर जागा होती.

त्या दिवशी तो किती वेळा आतबाहेर झाला, ते मी मोजलं नाही. शेवटी रुखमाबाई आतून म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला, मामाजी. बसा आता!"

दाजीबांनी काही महिने गोविंदाला काम दिलं नाही. पण पेरणीच्या तोंडावर त्यांचीच तिफण मोडली आणि दुसरा सुतार पाच कोसांवर होता. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतली माणसं सुतळी घेऊन माझं माप घ्यायला येऊ लागली. तीन वर्षांत अकरा घरांची दारं वर गेली. जिथं जिथं जुन्या फळ्या धड होत्या, तिथं गोविंदानं त्या जोडून वापरल्या. त्यामुळे आमच्या वस्तीतली बरीच दारं दोन रंगांची आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी काम निघेल. तेव्हा जुनी वस्तू चुलीत घालण्याआधी एकदा तिला विचारा, तुला मोठं व्हायचं आहे का? माझ्यासारख्याला फार मोठी सेवाही लागत नाही. पावसाळ्याआधी थोडं जवसाचं तेल, बिजागऱ्यांना थोडं वंगण, आणि जाता येता मला धाडकन आपटू नका, एवढंच. नेरच्या बाजूला आलात तर आमच्या घरी नक्की या. मी उघडंच असतं. वाकू नका, सरळ आत या.