गोदूबाई उठली की स्टेशन सुटतं

"चाचा, तुम्ही घरी खुर्चीत बसा, एफेमची पट्टी लावा नि बटण सोडून द्या. माझा आवाज खिळा ठोकल्यासारखा एका जागी राहील," सदू छाती काढून म्हणाला.

गुलाम रसूल चाचा मस्कतच्या एका कंपनीत फोरमन. सुट्टीवर नाटे गावात आले होते. कंपनीला रेडिओ-वायरलेस दुरुस्त करणारा माणूस हवा होता आणि चाचा एकच नाव देणार होते. गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सदूचं, नाहीतर राजापूरच्या केरू घड्याळवाल्याचं. चाचांच्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ-टेपला, एफेम होतं, पण त्यावर खरखरीशिवाय कधी काही लागलं नव्हतं. तिथे आपलं स्टेशन लावून दाखवतो, असं सदूने सांगून टाकलं. सामान काय, तर एक ट्रान्झिस्टर, पेन्सिलीवर गुंडाळलेली तांब्याची कॉइल, माइक, सेल आणि छपरावर टाकलेली तार.

पहिल्याच शब्दाला आवाज पळाला. सदू "हॅलो" म्हणाला. चाचांच्या घरी "हॅ" पोचलं; "लो" पट्टीवर भलतीकडेच गेलं.

 दुरुस्तीला आलेला एक सेट कानाला लावून सदूने दुपारपर्यंत कॉइल दाबली, ताणली. हात जवळ नेला की स्टेशन सरके, काढला की आणखी सरके. शेवटी उलगडलं. त्याची आई गोदूबाई चुलीपाशी, कॉइलच्या शेजारी बसली की स्टेशन गप जागेवर राही. ती उठली की सुटलंच. माणसाच्या अंगाने कॉइल बिघडते हे त्याला ठाऊक होतं, पण ही कॉइल आईविना राहीचना.

तेवढ्यात चाचांचा निरोप आला. "तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर पाव्हणे बसतील. चहा संपेपर्यंत बटणाला हात न लावता ऐकू आलं, तर तुझं नाव. नायतर केरू."

"आये, चहा संपेपर्यंत हलू नको."

"कोणाचा चहा?"

"चाचांचा."

"चहा तिकडं नि धरणं मी धरू? मेल्या, खोकला आला तर?"

"हळू खोक. उजवीकडे तोंड करून."

वेळ झाली. सदूने माइक तोंडाशी धरला आणि बोलायचं काय तेच विसरला.  मग आठवल्या त्या एसटीच्या गाड्या सांगत सुटला. जैतापूर, राजापूर, रत्नागिरी. तेवढ्यात पाणंदीतून मैना मासेवालीची हाक आली.

"बांगडं घ्या गो, ताजं बांगडं!"

गोदूबाईचा गुडघा उचलला. सदूने एका हाताने माइक धरला, दुसऱ्याने आईचा पदर.

"मैने, आत ये गो! हा मेला मला उठू देत नाय."

"का? पाय मोडला?"

"नाय. माझ्यावर स्टेशन हाय."

मैना पाटी घेऊन समोर बसली आणि स्टेशन घसरलं. सदूने आगपेटीच्या काडीने कॉइल किंचित ढोसून परत आणलं. 

"आज पाटी रिकामी करूनच जायचंय," मैना म्हणाली. "वाट्यावर दोन जास्त घालीन हवं तर."

हे चाचांच्या दिवाणखान्यात खणखणीत ऐकू गेलं. पाव्हण्यांनी बश्या खाली ठेवल्या आणि पिशव्या मागितल्या. थोड्या वेळात सदूच्या दारात रांग लागली. एकेक माणूस आत शिरे, स्टेशन पळे, सदू काडीने ढोसून आणी. ढोसता ढोसता गाड्या सांगे. गर्दीत तो रत्नागिरीची गाडी मंडणगडला घेऊन गेला.

"सदू, पोरा!" सगळ्यांच्या मागून चाचा आले. टू-इन-वन चालूच, छातीशी धरलेला. "चहा संपला! बटणाला बोट लावलं नाय मी. आजच साहेबाला तुझं नाव..."

बोलत बोलत ते माइकपाशी आले. टू-इन-वनने स्वतःचाच आवाज ऐकला आणि जी किंचाळी ठोकली, ती ऐकून मैना पाटीसकट मागे कलंडली. इतका वेळ दगडासारखी बसलेली गोदूबाई ताडकन उठली आणि बांगडे धुतलेल्या पाण्याचं पातेलं तिने आवाजाच्या दिशेने उपडं केलं.

पाणी स्पीकरच्या जाळीतून टू-इन-वनमध्ये गेलं. मस्कतला केरू गेला.