कलिंगडाच्या गाठी

त्या वर्षी झाडांना काय झालं होतं कुणास ठाऊक. नीरफणसाच्या एकेका देठाला तीन-तीन फळं लोंबत होती. चर्चमागचा आंबा तर इतका लगडला, की त्याची एक जाड फांदी भर दुपारी, वारा नसताना मोडून पडली. लोसालीन मात्र खुशीत होती. जानेवारीतला प्रार्थनेचा आठवडा, त्यातलं रविवारचं जेवण यंदा तिच्या घरी, पाद्रीबाबांसकट सगळं गाव पानावर बसणार, आणि अशा वेळी झाडांनी हात सैल सोडला होता. तिची सासू फिफिता मात्र त्या मोडक्या फांदीपाशी उभी राहून वर बघत होती.

"झाडं एवढं का देतायत?" म्हातारी म्हणाली.

"आई, दिलं तरी तक्रार, नाही दिलं तरी तक्रार."

"मी परकरात होते तेव्हा एकदा असंच दिलं होतं. नंतर वर्षभर आमच्या घराला छप्पर नव्हतं."

लोसालीनने ऐकलं आणि सोडून दिलं. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ सांगत होते, की वादळ आहे पण लांब आहे, उत्तरेकडून निघून जाईल. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त जेवण होतं. अळूच्या पानात अननसाच्या फोडी आणि खारं मांस बांधून त्यावर नारळाचं दाट दूध. कच्च्या आंब्याच्या चकत्यांवर निजवलेला अख्खा मासा. पपई वरून कापून, बिया काढून, पोटात नारळाचं दूध भरून भाजायची. नीरफणस कुटून त्याचे गोळे, वर साखरेचा करपवलेला पाक. सगळं जुळलं होतं, अडलं होतं ते ओताईपाशी.

टोंगात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि उन्हाळ्याच्या जेवणात प्यायला ओताई नसेल तर इथला माणूस जेवलोच नाही म्हणतो. किसलेलं फळ, नारळ, थंड पाणी, साखर. एवढंच तर असतं. आंब्याची ओताई करता आली असती. आंबे पायाखाली येत होते. पण मागच्या वर्षी पोलिनाच्या घरी कलिंगडाची ओताई होती आणि पाद्रीबाबांनी तीनदा मागून घेतली होती. हे लोसालीनच्या मनात वर्षभर सलत होतं.

"आंब्याची काय, कुणीही करतं," शनिवारी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली. "तुझा मळा काय नुसता मिरवायला आहे?"

कालाफीचा कलिंगडांचा मळा समोरच्या बेटावर होता. त्या बेटावर वस्ती नव्हती, फोन लागत नव्हता. एरवी ते गावातून स्पष्ट दिसायचं. त्या दिवशी मात्र आकाश तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं झालं होतं आणि बेटाची नुसती एक रेघ दिसत होती. पाणी अगदी स्वस्थ होतं. कालाफी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला.

"मला आवडत नाहीये हे," तो म्हणाला.

"तुला कामच आवडत नाही."

तो हसला. "एका कलिंगडासाठी नवऱ्याला समुद्रात ढकलतेस, बाई."

"एक कशाला? भरपूर आण. आणि रविवार लागायच्या आत घरी ये. पाद्रीबाबा आपल्याकडे जेवणार आणि घरचा मालक रविवारी होडी हाकत आला, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ती हे बोलली तेव्हा तिच्या हातात कोयता होता आणि ती नारळ सोलत होती. पुढे तिला ते सगळं जसंच्या तसं आठवायचं.

संध्याकाळी वारा सुटला. अंधार पडला तरी कालाफी आला नाही. लोसालीन चारदा किनाऱ्यावर जाऊन आली. तिचा धाकटा दीर सेमिसी होडीला दोर बांधून तयार होता, पण फिफिताने त्याला हाताला धरून घरात आणलं.

"तुझा भाऊ काय वेडा आहे? असल्या वाऱ्यात तो निघायचाच नाही. आता मध्यरात्रीनंतर रविवार. तो आपला मळ्यातल्या झोपडीत पाय पसरून कलिंगड खात पडेल आणि सोमवारी येईल."

सगळ्यांना ते पटलं. रविवारी इथे होडी पाण्यात जात नाही, जाळं पडत नाही, झाडावर कुणी चढत नाही. अडकलेला माणूस जिथे असेल तिथे बसतो आणि सोमवारी येतो. आजवर असं कितीजण बसले होते. लोसालीनने स्वतःला हेच सांगितलं, पण आपणच त्याला रविवारच्या आत ये म्हणून बजावलंय, हे काही ती सासूला बोलली नाही.

पहाटे ती उठली तेव्हा म्हातारी किनाऱ्यावरून परत येत होती. हातगाडीत कलिंगडं होती, ओली, वाळू लागलेली. एक फुटलं होतं.

"ही कुठून आली?" लोसालीनने हातगाडी धरून थांबवली.

"भरतीचं पाणी मळ्यात शिरलं असणार. मळा पाण्याला लागूनच आहे ना? वेली उखडल्या, फळं तरंगत आली. बघ, देवालाच तुझ्या ओताईची काळजी."

लोसालीनने एकेक कलिंगड उचलून फिरवून पाहिलं. ती काय शोधत होती हे तिला नीट माहीत होतं. कालाफी होडीत माल भरताना प्रत्येक कलिंगडाला झाडाच्या ओल्या सालीची दोरी बांधायचा, म्हणजे फळं होडीत गडगडत नाहीत. दोन वेढे आणि वर एक उलटी गाठ. ती गाठ त्याला मेलेल्या बापाने शिकवली होती, सेमिसीला कधी जमली नाही. मळ्यात पडलेल्या फळाला दोरी नसते. या फळांनाही नव्हती. तिच्या जिवात जीव आला, इतका की ती हसली.

"फुटलेलं डुकरांना टाकते," ती म्हणाली.

"नको, मला दे." म्हातारीने ते ओढून घेतलं, धुतलं, स्वतःच किसून पातेल्यात घातलं. 

परसात सेमिसीने उमूचा, म्हणजे जमिनीतल्या भट्टीचा, खड्डा पेटवून दगड तापवले होते. पानांत बांधलेली पुडकी, पपया, मासा, सगळं दगडांवर रचून झालं. वर केळीची पानं घालायची तेवढी राहिली होती.

"तुम्ही दोघं आंघोळ करून या," फिफिता म्हणाली. "झाकायचं मी बघते."

उमू झाकणं हे पुरुषाचं काम. म्हातारीने ते कधी केलेलं लोसालीनने पाहिलं नव्हतं.

चर्चमध्ये खिडक्यांच्या काचा सारख्या वाजत होत्या. प्रार्थनेत आवाज चढला की वाराही चढायचा. दारात पोलिनाने विचारलं, "यजमान कुठेत?" आणि कुणीतरी म्हणालं, "बेटावर कलिंगडावर ताव मारतोय," आणि सगळे हसले. लोसालीनही हसली. फिफिता हसली नाही. ती पूर्ण वेळ गुडघ्यांवर होती, इतर उठून बसले तरी.

घरी आल्यावर सेमिसीने चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली चटई सोडून ठेवली आणि उमूवरची माती बाजूला केली. एका बाजूने तो पानं उचलत होता, दुसऱ्या बाजूने लोसालीन. वाफेबरोबर भाजलेल्या पपईचा गोड वास आला. आंब्याची आंबट वाफ आली. लोसालीनने कडेची पानं ओढली आणि तिच्या हाताला काहीतरी दोरीसारखं लागलं.

झाडाची साल होती. समुद्राच्या पाण्याने भिजलेली, म्हणून जळली नव्हती, नुसती काळी पडली होती. कोयत्याने कापलेले तुकडे होते. आणि त्या तुकड्यांवर दोन वेढे आणि वर एक उलटी गाठ, दोन वेढे आणि वर एक उलटी गाठ.

तिने मूठ मिटली. वर पाहिलं तर फिफिता ओताईचं पातेलं घेऊन मागच्या दारात उभी होती.

म्हातारी जवळ आली, पातेलं खाली ठेवलं आणि अगदी हळू बोलली. "सेमिसीला दाखवू नकोस."

"तुम्हाला पहाटेपासून माहीत होतं."

"होतं."

"आई, तो पाण्यात आहे. पहाटे होडी गेली असती तर..."

"तर हा गेला असता." म्हातारीने सेमिसीकडे पाहिलं. तो पाठमोरा होऊन मासा उचलत होता. "मी समुद्राला नवरा दिलाय, लोसालीन. रात्री बहुतेक मुलगाही दिला. आता हा एकच उरलाय. तू तो मागू नकोस माझ्याकडे."

लोसालीनला तिची चीड आली, आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसंही वाटलं. अंगणात चटईवर लोक बसायला लागले होते. वारा पानं उडवत होता आणि बायका हसत हसत ती दाबून धरत होत्या. मूठ उघडली नाही तर जेवण होईल, स्तुती होईल, सोमवार येईल. कालाफी उलटलेल्या होडीला धरून असेल, तर तोही सोमवारची वाट बघेल.

तिने मूठ उघडली. "सेमिसी."

सेमिसीने तिच्या हातातली गाठ पाहिली. मासा पानावर ठेवला. "कधी सापडली?"

त्याने आईकडे पाहिलं आणि त्याला उत्तर मिळालं. मग तो धावत सुटला. अंगणातले चार पुरुष काय झालं ते न विचारता त्याच्यामागे धावले. पाद्रीबाबा उभे राहिले आणि त्यांनी स्वतः होडीला खांदा लावला. रविवार आहे असं कुणी म्हणालं नाही. रविवारचा जो अडसर सेमिसीला घरात ठेवील असं म्हातारीने धरलं होतं, तो इतक्या सहज बाजूला झाला, की तिला ते बघवेना.

होडीत सेमिसी आणि आणखी एकजण. त्याहून जास्त माणसं त्या लाटांत नेता आली नसती. बाहेरच्या खडकांपलीकडे पाणी पांढरं झालं होतं. होडी दिसली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली, आणि मग पाऊस आडवा आला आणि काहीच दिसेना.

पोलिनाने कुणाला काही सुचत नाही म्हणून ओताईचा एक पेला किनाऱ्यावर आणून लोसालीनच्या हातात दिला. तिने घोट घेतला. साखर होती, नारळ होता, आणि खाली मीठ होतं. तिने पेला वाळूत ठेवला.

फिफिता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघींच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. मग म्हातारीने विचारलं, "किती आणायला सांगितली होतीस त्याला?"

"भरपूर," लोसालीन म्हणाली.

लाटेने आणखी एक कलिंगड आणून त्यांच्या पायांपाशी टाकलं. त्याच्या दोरीची गाठ शाबूत होती. दोघींपैकी कुणी वाकलं नाही. लाट परत आली आणि ते घेऊन गेली.