सुई उभी धरली की

युद्धावरून येताना कर्नल लेम्युएल व्हिटकम दोन गोष्टी घेऊन आले: कर्नल हा हुद्दा आणि तोफांनी दिलेलं बहिरेपण. पहिली गावभर माहीत होती. दुसरी फक्त दोघांना: त्यांची बायको ड्रुसिलाबाई आणि मी, त्यांचा कारकून.

कोर्टात बाई पहिल्या बाकावर मोजा विणत बसायच्या. समोरचा वकील काही भलतं बोलला की सुई उभी धरायच्या, कर्नल ताडकन उठून "हरकत!" म्हणायचे. लोकरीचा गुंडा खाली पडला की बसायचे. अख्ख्या इंडियानात असा सावध वकील नाही, असं न्यायाधीश म्हणत. मोजा मात्र सहा वर्षं नुसता लांबत होता.

"जिराफासाठी आहे का हो, बाई?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या तोंडात कोंबायला. आणखी थोडा लागेल."

त्या वर्षी कर्नल विधिमंडळासाठी उभे राहिले. बहिऱ्याला तिथं कोण पाठवणार? (तिथं बहिऱ्याचं काही अडत नाही, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.) मतदानापर्यंत गुपित टिकलं की झालं.

कोर्टासमोरच्या पटांगणात जाहीर सामना ठरला. प्रतिस्पर्धी एज्रा कॉल्टर, बियाण्यांचा व्यापारी. तो बोलत असताना बाईंनी समोरच्या बाकावर विणत बसायचं, कर्नलांनी मंद हसायचं, उत्तराचे मुद्दे मी चिठ्ठीवर द्यायचे, असं ठरलं होतं.

कॉल्टर तासभर बोलला आणि मग म्हणाला, "ह्यांनी पोटच्या पोराला आपल्याच पलटणीत नेलं आणि छावणीतल्या तापात मरू दिलं. ते तुम्हाला काय सांभाळणार?"

सगळ्यांनी कर्नलांकडे पाहिलं. कर्नल मंद हसत होते.

मी पेन्सिल धरून नुसता बसलो. बाईंनी सुई उभी धरली नाही. गुंडाही पाडला नाही. विणकाम मांडीवर पडून होतं.

ते पाहून कर्नलांचं हसू गेलं. व्यासपीठावरून उतरून ते बाईंपाशी आले आणि बहिरी माणसं बोलतात तसं, चारशे लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "काय म्हणाला गं तो?"

बाईंना अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. त्या उठल्या, नवऱ्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून म्हणाल्या, "आपला एसा तुमच्यामुळं गेला म्हणतोय!"



"हरकत नाही," कर्नल म्हणाले. "मीही रोज स्वतःला तेच म्हणतो."

"माझी आहे!" बाई त्यांच्या कानात ओरडल्या, आणि सुई उभी धरली. "माझी हरकत आहे, ऐकलंत?"

"ऐकलं," कर्नल म्हणाले आणि तिथंच, बाकावर, त्यांच्या शेजारी बसले. चिठ्ठी माझ्या हातातच राहिली.

कर्नल एकशे बारा मतांनी पडले. पुढच्या सोमवारी कोर्टात गेलो, तर न्यायाधीशांनी कर्नलांच्या खुर्चीला खेटून दुसरी खुर्ची ठेवायला लावली होती. बाई आता कानात सांगतात. सुया मोकळ्या झाल्या.

त्या हिवाळ्यात मोज्याला टाच आली.