जाग्याक विचारल्याशिवाय

दार बंद झालं तेव्हा मी आत होते आणि बाबा बाहेर.

बँकॉकमधल्या त्या वरून धावणाऱ्या रेल्वेची दारं कुणासाठी थांबत नाहीत. आपला एसटीचा कंडक्टर दोन शब्द सुनावून का होईना, म्हाताऱ्या माणसाला वर ओढून घेतो. इथे नुसतं पीं पीं वाजलं आणि काचा मिटल्या. पलीकडे बाबा, हातात पाण्याची बाटली घेऊन, माझ्याकडे बघत उभे. मी काचेवर हात आपटले, तिथेच थांबा म्हणून ओरडले, थंयच रवा, थंयच रवा. त्यांनी पंजा कानामागे नेला. म्हणजे काही ऐकू गेलं नव्हतं. तोवर गाडी सुटली.

माझ्या पाचावर धारण बसली.

मी अपेक्षा. कुडाळला माझं शिवणाचं दुकान आहे आणि राहते वालावलला, बाबांजवळ. लग्न केलं नाही. त्याला कारणं आहेत, पण ती इथे नकोत. तोंडानं फटकळ आहे, यावर आमच्या सगळ्या वाडीचं एकमत आहे. बाबांचं नाव परशुराम. सत्तरी ओलांडलेली, मालवणी आणि मराठी सोडून तिसरी भाषा नाही, अंगात साखर. साखरेच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. त्यांचा मोबाइल हॉटेलच्या कपाटात, कारण इथे तो चालतच नव्हता. आणि हॉटेलचं कार्ड? ते कालच्या शर्टाच्या खिशात. हे मला त्या धावत्या गाडीत आठवलं.

आई गेल्यापासून बाबा फारसं बोलायचे नाहीत. मस्कतला असलेला माझा भाऊ मितेश, त्यानं तिकिटं काढली. बाबांका जरा जग दाखय, म्हणाला. मस्कतला बसून सांगायला काय जातं! मी आयुष्यात मुंबईपलीकडे गेले नव्हते. विमानातून उतरल्यापासून मला नुसती भीती वाटत होती. मान मोडेपर्यंत उंच इमारती, समुद्रासारखा न थांबणारा रस्ता, पाट्यांवर काजं-बटणं टाचल्यासारखी अक्षरं. हॉटेलच्या फिरत्या दारातसुद्धा मी बाबांचा हात सोडला नव्हता. आणि सोडला तो नेमका गाडीत चढताना.

बाबा मात्र भ्यायले नव्हते. त्यांना एकच गोष्ट खटकत होती. हॉटेलच्या फाटकाशी, कोपऱ्यात, खांबावर बसवलेलं एक इवलंसं घर होतं. त्याला पिवळे हार, पुढे उदबत्त्या, आणि लाल सरबताची बाटली, तिच्यात नळी घातलेली. बाबांनी तिथेच वहाणा काढल्या.

"ह्यो हयचो राखणदार," ते म्हणाले. "नव्या जाग्यात इल्यावर आधी जाग्याक विचारूक होया, गो."

टॅक्सीवाला सामान काढून खोळंबला होता, म्हणून मी त्यांना तसंच ओढत आत नेलं. आज सकाळी स्टेशनच्या जिन्याखाली तसंच एक घर दिसलं आणि स्वारी पुन्हा थांबली. तेव्हा मात्र मी फटकारलं. आपण फिरूक इलंव, देवदेव करूक नाय, असं मी म्हणाले. ते माझ्यामागून मुकाट जिना चढले.

पुढच्या स्टेशनवर उतरून मी समोरच्या गाडीनं परत आले. बाबा तिथे नव्हते.

फलाट माणसांनी भरलेला, पण त्यात पांढरा शर्ट आणि काळी टोपी कुठेच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. बाकांवर बघितलं, खांबांमागे बघितलं. मग नको तिथेही बघितलं, खाली रुळांवर. रूळ रिकामे होते. परक्या देशात माणूस हरवला तर कुणाला सांगायचं असतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

तिकिटाच्या खिडकीत निळ्या कपड्यातली एक मुलगी होती. माझं इंग्रजी फॅशनच्या पुस्तकातलं, गळा आणि बाही यापलीकडे जात नाही. फादर, परशुराम, ओल्ड, नो फोन, एवढं सांगून मी मोबाइलवरचा बाबांचा फोटो पुढे केला. तिनं माइकवरून तिच्या भाषेत काहीबाही सांगितलं. त्यात मध्येच "पालासुलाम" ऐकू आलं. बाबांना ते नाव आपलं आहे हे सात जन्मांत कळलं नसतं. माझं तोंड बघून तिनं माइक माझ्यापुढे धरला.

"बाबा, मी अपेक्षा," मी म्हणाले. "आसात थंय बसान रवा. मी येतंय."

माझा आवाज त्या एवढ्या मोठ्या स्टेशनभर घुमला. माणसं क्षणभर वर बघून चालू लागली. कुणीही "ओ" दिली नाही.

मग मी खाली बसले आणि सरळ रडले. लाज वाटली नाही. सकाळी त्यांनी दोन घास पाव खाल्ला होता. चक्कर आली तर कुठे पडतील, पडले तर कोण उचलेल, उचललं तर काय विचारेल आणि बाबा काय सांगतील? मितेशला फोन लावायला काढला आणि परत ठेवला. बाबांका हरवलंय, हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नव्हतं. आई असती तर तिनं मला उभी चिरली असती.

त्या मुलीनं पाणी दिलं. हातानं खुणा केल्या: कुठे जातील ते? हाच प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

आमच्या वाडीत काही हरवलं, गाय म्हणा, सोन्याची कुडी म्हणा, बोटीवर गेलेला मुलगा म्हणा, की माणसं बाबांकडे येतात. बाबा गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवासमोर उभं राहून, मोठ्यानं, साध्या बोलीत मागणं मागायचं. प्रत्येक मागण्यामागून जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो हुंकार आला नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, तिथेच अडतं. असा माणूस फलाटावर हात बांधून बसून राहील? तो जाऊन कुणाला तरी विचारणार. आणि या शहरात त्यांच्या ओळखीचा एकच होता.

मी जिना धावत उतरले. सकाळचं ते घर तिथेच होतं. हार होते, उदबत्ती विझलेली होती. बाबा नव्हते.

आता मात्र मी हातपाय गाळले. पुढे बघते तर पलीकडच्या इमारतीपुढेही तसंच घर, त्यापुढच्या बँकेसमोर आणखी एक. मी वेड्यासारखी एकेका घराशी जाऊन बघू लागले. एवढे राखणदार, आणि एकाला माझ्या बापाची खबर नाही! मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि लगेच भिऊन माफीही मागितली.

वळणावर माणसांचं कोंडाळं दिसलं. फुटपाथवर कुणीतरी आडवं होतं. पांढरा शर्ट. मला पुढे पाऊल टाकवेना आणि मागेही फिरता येईना. शेवटी कुणाच्या तरी खांद्याआडून बघितलं. भलताच माणूस होता, इथलाच, आणि उठून बसतही होता. मी भिंतीला टेकले. त्या बिचाऱ्याचं काय झालं हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"...माज्या पुढ्यात आणून सोड रे म्हाराजा."

आणि मग शांतता.

मी भिंतीला वळसा घालून गेले. एका जुन्या दुकानाच्या आवारात, झाडाखाली, तसंच एक घर. समोर बाबा, अनवाणी, टोपी नीट केलेली, हात जोडलेले. त्यांची पाण्याची बाटली हारांपाशी ठेवलेली. दुकानातली बाई दारात उभी राहून बघत होती. बाबा थांबले होते, हुंकाराची वाट बघत. तो आला नाही, म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. किती वेळा केली असेल कोण जाणे, आवाज पार बसला होता.

"बा देवा म्हाराजा, तुजा नाव माका ठावक नाय. तुका विचारल्याशिवाय तुज्या जाग्यात इलंव, ती चूक पदरात घे. माजा चेडू त्या गाडयेत बसान खंय गेला ता कळना नाय. भाषा येना नाय तेका, भियाळू आसा. तेका वाट दाखय, नि सुखरूप माज्या पुढ्यात आणून सोड रे म्हाराजा."

हरवले होते ते. पण त्यांच्या लेखी हरवले होते मी.

पुन्हा ते थांबले.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

बाबांनी मान वळवली नाही. गाऱ्हाणं अर्धवट टाकून मागे बघायचं नसतं. फक्त त्यांचे खांदे खाली आले, आणि अडलेलं गाऱ्हाणं पुढे सरकलं.

"आणि बा देवा, तेची आवस गेल्यापासून माज्या घरात ताच एक बोलणारा माणूस आसा. कडू बोलता, पण बोलता. तेका माज्यापासून हरवू नको रे म्हाराजा."

ते वाट बघत उभे राहिले. दारातल्या बाईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मी वहाणा काढल्या, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."