नूझालों, वूझाले

फ्रेंच भाषा रत्नागिरीत समुद्रमार्गे आली नाही, बेहेरे सरांच्या साडूमार्गे आली. साडू पुण्याचे. त्यांच्या मुलीला बारावीला फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव मार्क पडल्याची बातमी त्यांनी गणपतीत मोदक खाता खाता दिली, आणि ज्युनिअर कॉलेजचे प्राचार्य असलेल्या बेहेरे सरांना हातातला मोदक गिळवेना. पुढल्या जूनमध्ये, म्हणजे २००१ साली, कॉलेजच्या दारावर ‘फ्रेंच (अत्यंत स्कोअरिंग)’ अशी पाटी लागली. शिकवणार कोण हा प्रश्न पाटी लागल्यावर निघाला.

“मुळ्येबाई, तुम्ही,” सर म्हणाले.

उमाबाई मुळ्ये संस्कृत शिकवायच्या. “सर, मला फ्रेंच येत नाही.”

“संस्कृत येतं ना? सगळ्या भाषांची आई ती. आईला लेक ओळखता येणार नाही होय?”

ही लेक आईकडे कधी माहेरपणाला आल्याचं उमाबाईंच्या ऐकिवात नव्हतं. पण पाटी लागली होती, मुलांनी फी भरली होती. त्या पुण्याला जाऊन एक झटपट वर्ग करून आल्या. येताना एक पुस्तक, दोन कॅसेटी आणि बसलेला घसा घेऊन आल्या. फ्रेंच ‘र’ घशातूनच काढायचा असल्यामुळे घसा बसला तेही एका परीने सोयीचंच झालं. मग त्या रोज घरी एक धडा शिकत आणि दुसऱ्या दिवशी तोच वर्गात शिकवत. मुलं एका धड्याने मागे होती, म्हणून ती विद्यार्थी आणि या बाई. बाकी फरक काही नव्हता.

डिसेंबरात नजीकच्या भविष्यकाळाचा धडा आला.

“अगदी सोपा काळ,” उमाबाई म्हणाल्या. “‘जाणे’ या क्रियापदाचं रूप घ्यायचं आणि त्याच्यापुढे दुसरं क्रियापद मूळचं आहे तसंच ठेवायचं. त्याला हात लावायचा नाही. ज व्हे मांजे. मी जातो खाणे, म्हणजे मी आता खाणार आहे.” त्यांनी फळ्यावर रूपं लिहिली. मी असेल तर ज व्हे, तो असेल तर इल व्हा. आम्हीला नूझालों आणि तुम्हीला वूझाले.

वर्गात हसू फुटलं.

“बाई, करणार आहोत ला झालों?” मुकुल उठून म्हणाला. “मग काम न करताच झालं की!”

“तुझं नेहमी तसंच असतं,” उमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचलं. “तुला कँटीनमधून हाक मारली की काय ओरडतोस? ‘आलोच!’ तेव्हा तू आलेला असतोस? जागचा हललेला तरी असतोस? ‘आलो’ हा भूतकाळ, आणि स्वारी तर अजून यायचीय. उगीच फ्रेंचांना हसू नका.”

हे पुस्तकात नव्हतं. उमाबाईंना फार बरं वाटलं. त्या भरात त्यांनी नकाराला हात घातला. “जाणार नाही, करणार नाही, असं म्हणायचं तर ‘जाणे’च्या अलीकडे ‘न’ आणि पलीकडे ‘पा’. वू नाले पा...”

“कुठले नाले, बाई? आमच्या परटवणे भागातले?”

पुन्हा हसू. “नकार उद्या पक्का करू,” असं बाई म्हणतायत तोच शिपाई केरू दारात आला. डॉक्टर जोगळेकरांचा फोन होता.

डॉक्टर उन्मेष जोगळेकर एके काळी उमाबाईंच्या संस्कृतच्या वर्गात होता. आता बाजारपेठेच्या मागे त्याचं छोटं हॉस्पिटल होतं. “बाई, तुम्ही फ्रेंच शिकवता ना?”

“शिकवते. येत नाही.”

“बाई, थट्टा नको. एक फ्रेंच म्हातारी आहे माझ्याकडे. अपेंडिक्स फुटायच्या बेतात आलंय. तिला इंग्रजीतलं ‘टी’ आणि ‘थँक यू’ एवढंच येतं. मी हाताने कापल्याची खूण केली तर तिने मला लाथ मारलीन्. तुम्ही या.”

सहा महिने झाकलेली मूठ आता एका खऱ्याखुऱ्या फ्रेंच बाईसमोर उघडणार होती. वाटेत रिक्षात त्या ‘ज व्हे, त्यु व्हा’ एवढंच पुटपुटत राहिल्या, तेव्हा रिक्षावाल्याला वाटलं बाईंची रामरक्षा चाललीय.

म्हातारीचं नाव ओदेत. चेहरा सुरकुतलेला, केस पुरुषासारखे बारीक, दंड भक्कम. आयुष्यभर फ्रान्सच्या रेल्वेत तिकिटं तपासली होती आणि निवृत्त झाल्यावर कोकण रेल्वेचा पानवलचा उंच पूल बघायला एकटी निघाली होती. पण हे सगळं नंतर कळलं. आत्ता ती पोट धरून खाटेवर वाकडी झाली होती आणि आया गोदूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

उमाबाई दिसताच ओदेतने त्यांचा हात घट्ट धरला आणि विचारलं, “ज व्हे मुरिर?”

ज व्हे! आजचाच धडा! ‘मुरिर’ पुस्तकात अजून आलं नव्हतं, पण उमाबाईंच्या डोक्यात वीज चमकली. मृ धातू! म्रियते, मरण, मुरिर! लेक ओळखली की! त्यांचा चेहरा आनंदाने फुलला आणि त्या जोरजोरात मान हलवत म्हणाल्या, “वी! वी!”

“वी म्हणजे काय, बाई?” डॉक्टरने विचारलं.

“हो.”

“आणि तिने विचारलंन् काय?”

“मी मरणार का.”

ओदेत पांढरीफटक पडली होती. उमाबाई घाईघाईने दुरुस्ती करायला गेल्या. “नों, नों! वूझाले मुरिर...” इथे ‘पा’ कुठे बसवायचा तेच आठवेना. अलीकडे की पलीकडे? ओदेतने डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. तेवढ्यात उमाबाईंनी तो ‘पा’ शेवटी नेऊन आपटला. “पा!”

“आता गो बाय!” गोदूबाई म्हणाली. “काय सांगितलंत तिला? जायला निघाली की ती!”

ओदेतने एक डोळा उघडला. मग तशा कळेतही तिने एक बोट वर केलं आणि सावकाश, तुकडे पाडून म्हणाली, “वू. नाले. पा. मुरिर.”

“वू नाले पा मुरिर,” उमाबाई म्हणाल्या. तुम्ही मरणार नाही आहात.

ओदेतला ‘र’ पटला नाही. तिने पुन्हा म्हणायला लावलं. उमाबाईंनी पुन्हा म्हटलं. मरणार नाही, मरणार नाही, असं खाटेशी बसून त्या इतक्या वेळा म्हणाल्या की हळूहळू दोघींचाही त्यावर विश्वास बसला.

भूल देणारे डॉक्टर सावर्ड्याहून यायचे होते. फोनवर ते “निघालोच” म्हणाले होते. ते प्रत्यक्षात निघून पोचेपर्यंत उमाबाईंना सबंध ऑपरेशन नजीकच्या भविष्यकाळात सांगायला भरपूर वेळ मिळाला. ऑपरेशनला शब्द ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी भाजीच्या धड्यातलं ‘कापणे’ वापरलं. ल दॉक्तर व्हा कुपे, डॉक्टर कापणार आहे. वूझाले दॉर्मिर, तुम्ही झोपणार आहात. कापण्याच्या आधी झोप येणार आहे हे कळल्यावर ओदेतने कागदावर सही केली.

ऑपरेशन नीट झालं. उमाबाई घरी गेल्या नाहीत, बाकड्यावर बसून राहिल्या. शुद्धीवर आल्यावर ओदेतने नजरेनेच विचारलं, काय?

उमाबाईंना सांगायचं होतं, डॉक्टरने कापलं. पण भूतकाळ हा पुढला धडा होता. तो त्यांनीही वाचला नव्हता. जे हाताशी होतं तेच त्या हसतमुखाने म्हणाल्या, “ल दॉक्तर व्हा कुपे.”

“आँकोर?” ओदेत किंचाळली. पुन्हा? टाके दुखले म्हणून परत किंचाळली. डॉक्टर धावत आला, आणि परिस्थिती ओळखून त्याने बाटलीतलं काढलेलं अपेंडिक्सच तिच्या डोळ्यांपुढे धरलं. ओदेतने ते पाहिलं, मग उमाबाईंकडे पाहिलं, आणि पोट दाबून धरून हसायला लागली.

“व्हा कुपे, नों,” ती म्हणाली. “आ कुपे.”

एवढंच? नुसता ‘व्ह’ गळला की होणारं ते होऊन गेलं? उमाबाईंनी हळूच म्हणून बघितलं, “ल दॉक्तर आ कुपे.” आणि का कोण जाणे, त्यांना रडू आलं. दिवसभराची भीती होती ती, दुसरं काही नाही. ओदेतने त्यांना आपला रुमाल दिला.

पुढचे दिवस उमाबाई कॉलेज सुटलं की हॉस्पिटलात जात आणि खाटेशी बसून भूतकाळ शिकत. पेज खाऊन कंटाळलेल्या ओदेतला गोदूबाईने एक दिवस पदराआड बांगड्याचं तिखलं आणून दिलंन्. ‘खाल्लं’ हे रूप ओदेतने त्यावरच शिकवलं. बेहेरे सर फोटोग्राफर घेऊन आले. ‘रत्नागिरीच्या फ्रेंच विभागाने वाचवले परदेशी पाहुणीचे प्राण’ अशी बातमी छापून आली, आणि त्यात विभागप्रमुख म्हणून सरांचाच फोटो होता.

“मुळ्येबाई, पुढच्या वर्षी जर्मन सुरू करू या,” सर म्हणाले.

“ज न व्हे पा फेर,” उमाबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मी नाही करणार. न अलीकडे, पा पलीकडे.” इतक्या वर्षांत सरांना त्या पहिल्यांदाच नाही म्हणाल्या, आणि तेही व्याकरणशुद्ध.

टाके निघाल्यावर दोघी रिक्षा करून पानवलला गेल्या. उमाबाईंचा जन्म रत्नागिरीतला, पण पूल त्यांनीही जवळून बघितला नव्हता. कॉलेज, घर आणि संक्रांतीचं हळदीकुंकू यातून कधी वेळच झाला नव्हता. लांबच लांब दरीत एवढे उंच खांब दोघींनी माना मागे टाकून बघितले. गाडीची वेळ झाली, पण गाडीचा पत्ता नव्हता. ओदेतने घड्याळ बघून एक शब्द उच्चारला. उमाबाईंनी अर्थ विचारल्यावर तिने तो खुणेने इतका स्पष्ट सांगितला की रिक्षावाल्याने तोंड फिरवलं.

“इल व्हा आरिव्हे,” उमाबाईंनी तिची समजूत घातली. येईल आता. ऊन चढलं, रिक्षावाला झाडाखाली झोपला, तरी त्या तेच म्हणत होत्या.

शेवटी बोगद्यातून शिट्टी ऐकू आली आणि गाडी पुलावर चढली. आभाळाला लागून डब्यांमागून डबे सरकायला लागले. उमाबाई पदर सावरायचं विसरून दोन्ही हात हलवत ओरडल्या, “इल आ आरिव्हे! इल आ आरिव्हे!”

“ए!” ओदेत शेजारून ओरडत होती. “आ नों, ए! इल ए आरिव्हे!” येण्याजाण्याच्या क्रियापदांना ‘आ’ चालत नाही, ती भानगड वेगळीच होती, ती अजून शिकवायची राहिली होती. पण वर गाडी धडधडत होती, खिडकीतून कोणीतरी परत हात हलवत होतं, आणि उमाबाईंचं व्याकरणाकडे लक्ष नव्हतं.