उंबरा काढल्यावर

"खुर्चीसकट उचल गं, काखंत धरून नको," मी अमीरबीला म्हणाले. "साडीची घडी मोडंल."

"बाई, साहेब पाहणीला येऊ लालाय. पोरगी बघायला पाव्हणे न्हाई."

"तू उचल. शिकवू नको मला."

अमीरबी माझी शेजारीण. चाळीस वर्षांत मी तिचं एक ऐकलं नाही आणि तिनं सांगायचं सोडलं नाही. दोघींनी मिळून वर्षाराणीला खुर्चीसकट उंबऱ्यावरून काढली, दोन पायऱ्या उतरवली आणि अंगणात लिंबाखाली बसवली. सून माझी. तिच्या केसांना तेल लावून वेणी घातली होती, लग्नातली मोरपंखी साडी नेसवली होती, पायांवर धुतलेली शाल होती. अंगण पहाटेच सारवून घेतलं होतं. कुणी म्हणालं नसतं की या पोरीला कमरेखाली काही कळत नाही.

"आत्या, मला आतच ऱ्हाऊ द्या की," वर्षाराणी हळू म्हणाली. "ते आतलंच बघायला येऊ लालेत."

"आत काय बघायचंय त्यांनी? बाजेखालचं भांडं?"

ते भांडं मी सकाळीच उचलून सरपणाच्या खोपीत लपवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती आणि माझा युवराज ऊसतोडीला कर्नाटकात गेलते. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढत होती. फळी सरकली. वरून ती पडली आणि तिच्यावर मोळी पडली. पाठीचं हाड गेलं. बीडला सिव्हिलमध्ये अपंगाचं कार्ड मिळालं, चाकाची खुर्ची मिळाली. खुर्ची घरात आणली आणि कळलं की ती या घरात बाजेपासून उंबऱ्यापर्यंतच फिरणार. उंबरा सागाचा, वीतभर उंच, माझ्या सासऱ्यांनी बसवलेला. त्याच्या पलीकडे दोन पायऱ्या, मग अंगण आणि अंगणाच्या टोकाला संडास. त्याच्या दारातून मीच आडवी होऊन जाते, खुर्ची कुठली जाते.

म्हणून मी तिला पाठीवर न्यायची. सकाळी एकदा, दिवस कलला की एकदा. मधल्या वेळेत तिनं मला कधी हाक मारली नाही. तिनं पाणीच सोडलं होतं. गोळीबरोबर घोटभर, भाकरीबरोबर घोटभर. उन्हाळ्यातसुद्धा ओठ भिजवून पेला खाली ठेवायची. मला ते कळत होतं. कळत होतं आणि माझ्या गुडघ्यांना ते बरं वाटत होतं.

मग ग्रामपंचायतीत कळलं की अशा माणसांच्या घरात सोयी करायला सरकार अनुदान देतं. दाराला उतार, रुंद दरवाजा, बसायचा संडास, धरायला नळ्या. अर्ज वर्षाराणीनंच भरला, ती दहावी पास. घर माझ्या नावावर, म्हणून संमतीची सही माझी. मी दुसरीपर्यंत गेलते. नाव तेवढं येतं. तुळजाबाई लिहायला मला बराच वेळ लागला, पण अंगठा मी दिला नाही.

साहेब मोटरसायकलवर आले. पोरगेलेसे होते, हातात मापाची पट्टी. मी त्यांना बाजेवर नवी चादर टाकून अंगणातच बसवलं आणि बशीत कप ठेवून चहा दिला.

"ताई बाहेर कशा येतात?" त्यांनी विचारलं.

"कशा म्हंजे? आमी हाव की. सुनंला फुलावानी ठिवलंय साहेब माझ्या घरात."

"आणि संडासला?"

"जाती की."

अमीरबीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मिटलं.

साहेबांनी दाराकडं लांबूनच नजर टाकली, लिंबाखाली बसलेल्या वर्षाराणीचा फोटो काढला आणि म्हणाले, "छान सांभाळलंय आजी तुम्ही." पुढचे आठ दिवस मी ते वाक्य गावभर मिरवलं. फोनवर युवराजलासुद्धा सांगितलं. तो तेव्हा तोडीवर होता. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा म्हणजे अर्धा. या साली त्यानं धारूरकडची कुणी एक बाई जोडीला घेतली होती. "नावापुरती जोडी हाय आई," असं तो म्हणाला होता. मी पुढं काही विचारलं नव्हतं.

महिन्यानं कागद आला. वर्षाराणीनंच वाचला, सरळ आवाजात, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "लाभार्थी घराबाहेर ये-जा करत असल्याचे पाहणीत आढळून आले. सबब अर्ज नामंजूर."

तिनं कागदाची घडी घातली. "फोटोत मी बरी दिसत आसंल, आत्या."

टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर द्यायची मला सवय आहे.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती तापानं फणफणली. लघवीतून रक्त गेलं. अमीरबीला बरोबर घेतलं, वर्षाराणीला जीपमध्ये आडवी घातली आणि केजला दवाखान्यात नेली. डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि मला विचारलं, "ही पाणी पीत नाही का?"

"पिती की," मी म्हणाले.

वर्षाराणीनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटले. खोटं मी बोलले होते आणि लाज तिला वाटली होती.

सलाइन लागल्यावर तिच्याजवळ अमीरबीला बसवलं आणि मी चालत कचेरीत गेले. साहेबांच्या टेबलापुढं सात-आठ जण उभे होते. त्यात आमच्या भावकीतला सटवा होता. बांधावरून त्याचं-माझं बारा वर्षं बोलणं नाही. त्याच्यासमोर मी कधी मान खाली घातली नव्हती.

"साहेब, मी खोटं बोलले," मी म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं. त्यांना मी आठवले नाही.

"लिंबाखाली सून बसवली होती ती मीच. ती येत-जात न्हाई कुठं. मी पाठीवर नेते, दिवसातनं दोनदा. मधी झाली तर भांड्यात, न्हाईतर हातरुणात. म्हणून पोरगी पाणी पीत न्हाई. तुमी आलता तवा तिचं भांडं मी खोपीत लपवलं होतं. आता ती दवाखान्यात पडलीय."

सटवा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. एवढी माणुसकी त्याच्यात होती हे मला माहीत नव्हतं.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं आजी?" साहेब म्हणाले.

"तुमी माझ्या दारात पाव्हणे होता. पाव्हण्याला घाण दाखवायची रीत न्हाई आमच्यात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नवा अर्ज द्या. मी स्वतः येतो. पण फोटो लागतील. ताई आतून दाराबाहेर कशा येतात, त्याचे."

पौषात ते परत आले. या वेळी मी सारवलं नाही, चहासुद्धा टाकला नाही. भांडं बाजेखाली होतं तसं राहू दिलं. वर्षाराणी गाऊनवर होती; खुर्ची उंबऱ्यापाशीच अडणार म्हणून तिनं ती घेतलीच नाही. ती बाजेवरून खाली उतरली म्हणजे पडली, आणि कोपरांवर सरकत निघाली. मागं पाय ओले कपडे ओढावेत तसे येत होते. मी उचलायला पुढं झाले.

"आत्या, सरा," ती म्हणाली. "त्यांना बघू द्या."

उंबऱ्यापाशी येऊन तिनं त्यावर छाती टेकली आणि दम घेतला. सात वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर मी तिच्यासाठी ज्वारीचं माप ठेवलं होतं. नव्या नवरीनं ते उजव्या पायानं हलकेच लवंडायचं. हिनं असं लवंडलं की दाणे पार चुलीपर्यंत गेले. "लई जोर हाय गं पोरीच्या पायात," मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि ती पदराआड हसली होती.

साहेबांनी तीन फोटो काढले. मग फोन खिशात ठेवून, मापं घ्यायची सोडून, उगाच भिंतीला हात लावून बघत उभे राहिले.

माघात मंजुरी आली. काम खाजामियाँनं घेतलं. तो अमीरबीचा मालक, गवंडी, हात एकदम साफ.

"तुळजाबाई, उंबरा तसाच ठिवून उतार वरनं घेऊ का? मधी जरा उंचवटा येईल, पण चालंल."

"तिची खुर्ची अडकंल?"

"जरा ढकलावी लागंल."

"मग काढ."

गावातल्या बाया म्हणाल्या, भरल्या घराचा उंबरा काढतं का कुणी. मी म्हणाले, तुमचा तुमच्याजवळ ठेवा, मी मागायला येणार नाही. उंबऱ्याला शेवटचं हळदीकुंकू लावलं आणि खाजामियाँनं छिन्नी लावली. तो आवाज मला ऐकवेना; मी चुलीपुढं जाऊन बसले. ते लाकूड नंतर मी खोपीत नेऊन ठेवलं. सरपणात घालायचं धाडस झालं नाही.

काम वाळल्यावर वर्षाराणी पहिल्यांदा एकटी निघाली. चाकं स्वतः फिरवत दारातून बाहेर, उतारावरून खाली, अंगण ओलांडून. संडासाचं नवं दार तिनं ओढलं आणि आतून कडी लागली. दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा कुठलं दार आतून लावलं होतं. मी ओट्यावर बसून राहिले. पाठ मोकळी होती. काय करावं ते सुचेना.

पाडव्याच्या आधी तोडीची माणसं परतायला लागली. एका दुपारी ट्रॅक्टर फाट्यावर थांबला आणि युवराज पायवाटेनं आला. वाळला होता, हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे होते. मागं एक पोरगी, डोक्यावर बोचकं, हातात हिरवा चुडा, गळ्यात नवी काळी पोत. वीस-बावीसची असेल. पायात चप्पल नव्हती.

युवराज अंगणात उभा राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, माप ठिव."

"कशावर ठिवू?"

तो दाराकडं बघत राहिला. उंबऱ्याच्या जागी सिमेंटचा उतार होता, त्यावर चाकांच्या दोन रेघा.

"उंबरा कुठं गेला?"

"तुझ्या बायकूसाठी काढला. फोनवर सांगितलं आसतं, पर तुझा फोन लागत नव्हता."

"आई, एकट्याचा कोयता कसा चालंल?" तो म्हणाला. "तूच सांग, कसा चालंल."

माझ्या तोंडात काय कमी शिव्या होत्या? आयुष्यभर दुसऱ्यांना पुरून उरल्या. त्या दिवशी मी त्या पोरीच्या अनवाणी पायांकडंच बघत राहिले. ती पोरगी बोचकं खाली ठेवावं की नाही, न कळून तशीच उन्हात उभी होती.

आतून चाकांचा आवाज आला. वर्षाराणी दारात आली. मांडीवर पाण्याचा तांब्या, त्यावर पेला पालथा. ती युवराजकडं बघून थांबली नाही. खुर्ची उतारावरून सावकाश खाली आणली आणि त्या पोरीपुढं थांबवली.

"लांबनं आलीस," ती म्हणाली. "बोचकं ठिव खाली. पाणी पी."

पोरीनं दोन्ही हातांनी भरलेला पेला घेतला आणि रिकामा करून परत दिला. वर्षाराणीनं तो मांडीवर ठेवला. मग डोकं मागं टाकून तांब्या उंच धरला आणि उरलेलं सगळं पाणी आमच्यासमोर पिऊन टाकलं.